मोबाईल का थबकतो?
अंगणवाडीच्या कामातून स्वयंचलित स्मृति-व्यवस्थापनाची ओळख

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके वसलेले आहेत. एका अंगास कसाऱ्याचा घाट, दुसऱ्या अंगास माळशेज आणि मध्ये भाताची खाचरे, सागाची जंगले व टेकड्यांच्या उतारांवर विखुरलेले पाडे, असे या मुलखाचे स्वरूप आहे. तानसा व भातसा या जलाशयांमुळे मुंबईकरांना शहापूरचे नाव ठाऊक आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि मुरबाडमधील काही गावांचाही त्यात समावेश आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली इत्यादी आदिवासी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. दिवाळीनंतर यांपैकी अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी बाहेर पडतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलखात प्रत्येक बालकाच्या वाढीची नोंद ठेवणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे, हे वेगळे सांगावयास नको.

देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडी ही ग्रामीण जीवनातील एक परिचित संस्था होऊन गेली आहे. बालकांचे वजन व उंची, गरोदर व स्तनदा मातांची नोंद, पूरक आहाराचे वाटप, गृहभेटी आणि पूर्वशालेय शिक्षण ही सारी कामे अंगणवाडी सेविका व मदतनीस सांभाळतात. पूर्वी त्यांची नोंद केवळ नोंदवह्यांत होत असे. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियानाचा आरंभ झाला. त्यानंतर सेविकांच्या हाती मोबाईल आले आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप वापरात आले. जुलै २०२५ पासून घरी न्यावयाचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाईलच्या कॅमेऱ्याने पडताळून पाहण्याची पद्धतही लागू करण्यात आली. याचा अर्थ असा की, सेविकेच्या हातातील मोबाईल थबकला, तर केवळ एक नोंद अडत नाही. दोन टेकड्या ओलांडून आलेली माताही दारात तिष्ठत उभी राहते.

मोबाईल थबकण्याची ही तक्रार काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले मोबाईल परत केले. त्यांच्या गाऱ्हाण्यांत ॲपमधील इंग्रजीची अडचण होती, नादुरुस्त मोबाईलच्या खर्चाचा प्रश्न होता आणि आणखी एक तांत्रिक मुद्दा होता. मोबाईलची रॅम अवघी दोन जीबी असल्यामुळे त्यावर नवे ॲप नीट चालत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शासनाने सेविकांसाठी नव्या मोबाईलची खरेदी हाती घेतली. तथापि या तांत्रिक मुद्द्यामागील शास्त्र समजून घेणे आजही तितकेच अगत्याचे आहे. कारण ॲप दरवर्षी वाढत जाते आणि आज पुरेसा वाटणारा मोबाईल उद्या अपुरा ठरू शकतो.

मेज आणि अभिलेख कक्ष

मोबाईल हा एक छोटा संगणकच होय. त्यात माहिती ठेवण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात. छायाचित्रे, चित्रफिती व ॲप ज्या ठिकाणी कायम राहतात तो साठा. मोबाईल बंद केला तरी तेथील माहिती पुसली जात नाही. दुसरी जागा म्हणजे रॅम अथवा कार्यस्मृती. चालू काम करताना लागणारी माहिती येथे मांडली जाते आणि मोबाईल बंद होताच ती नाहीशी होते.

शासकीय कार्यालयातील उदाहरण घेतल्यास हा भेद चटकन ध्यानात येईल. साठा म्हणजे अभिलेख कक्ष, तर कार्यस्मृती म्हणजे लिपिकाचे मेज. अभिलेख कक्ष कितीही प्रशस्त असला, तरी मेज लहान असेल तर काम तुंबते. मोबाईल विकत घेताना दुकानात चौसष्ट किंवा एकशे अठ्ठावीस जीबी असे जे मोठे आकडे सांगितले जातात, ते बहुधा अभिलेख कक्षाचे असतात. थबकण्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी मात्र प्रथम मेजाचा आकडा पाहावयास हवा.

मेजावर सतत नवे कागद येत असतात. सेविकेने बालकाचे नाव शोधले की त्या क्षणी नावांची एक यादी कार्यस्मृतीत तयार होते. वजन भरले की त्या आकड्यासाठी जागा घेतली जाते. आलेख उघडला की त्याच्या प्रत्येक रेषेसाठी आणखी जागा लागते. पुढच्या बालकाकडे वळल्यावर यांपैकी बहुतेक माहितीचे काम संपते. ती मेजावरून उचलली गेली नाही, तर थोड्याच वेळात मेज भरून जाईल. निरुपयोगी झालेली माहिती ओळखून तिची जागा पुन्हा मोकळी करणे, यालाच स्मृति-व्यवस्थापन म्हणतात.

हे काम कोणी करावे?

स्मृति-व्यवस्थापनाचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात आज्ञावली लिहिणारा माणूसच सारा हिशेब ठेवतो. कोणत्या क्षणी जागा घ्यावयाची आणि कोणत्या क्षणी परत करावयाची, हे तो स्वतः लिहून ठेवतो. ‘सी’ या संगणकीय भाषेत असेच करावे लागते. या पद्धतीत वेग उत्तम मिळतो. परंतु माणूस चुकतो. जागा परत करावयाची राहून गेली, तर स्मृती हळूहळू गळत राहते. उलटपक्षी वापरात असलेली जागा घाईने परत केली गेली, तर एकाचा कागद दुसऱ्याच्या संचिकेत जावा तसा गोंधळ होतो. मायक्रोसॉफ्ट या कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले की, तिच्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा सदोष हाताळणीतून उद्भवलेले होते.

दुसऱ्या मार्गात ही जबाबदारी माणसाकडून काढून यंत्राकडे सोपवली जाते. आज्ञावलीकाराने जागा मागावी. ती निरुपयोगी केव्हा झाली, हे प्रणालीने आपले आपण शोधून काढावे. या स्वयंचलित पद्धतीला गार्बेज कलेक्शन, म्हणजे कचरा गोळा करणे, असे नाव आहे. जावा, कोटलिन, जावास्क्रिप्ट, पायथन इत्यादी भाषा याच मार्गाने जातात. अँड्रॉइड मोबाईलवरील ॲप बहुतांशी अशाच भाषांमध्ये लिहिली जातात.

या कल्पनेचे जनक जॉन मॅकार्थी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५८ च्या सुमारास त्यांनी ‘लिस्प’ ही भाषा रचण्यास प्रारंभ केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात स्मृती परत मिळवण्याची ही रीत मांडली. लिस्पच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग त्यांनी पुढे नमूद करून ठेवला आहे. उद्योगक्षेत्रातील पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक चालू असताना संगणकाची स्मृती संपली. साफसफाई सुरू झाली आणि त्या साफसफाईचा तपशील सेकंदाला दहा अक्षरे या संथ गतीने कागदावर उमटू लागला. पाहुण्यांत हशा पिकला आणि प्रात्यक्षिकाची वेळ संपून गेली. यंत्राने ऐन कामाच्या मध्यास थांबून मेज आवरावयास घ्यावे, ही अडचण म्हणजे या पद्धतीच्या जन्मापासूनची आहे.

कचरा ओळखण्याची रीत

मेजावरील कोणता कागद निरुपयोगी, हे यंत्राने कसे ओळखावे? यंत्राला कागदाचा अर्थ कळत नाही. म्हणून ते एक साधी कसोटी लावते. सध्या चालू असलेल्या कामापासून ते सुरुवात करते. त्या कामात ज्या कागदांचा संदर्भ आहे त्यांवर खूण करते, त्या कागदांत आणखी ज्यांचा संदर्भ आहे त्यांवरही खूण करते आणि असे शेवटपर्यंत जाते. ज्यावर खूण झाली नाही, त्या कागदापर्यंत पोचण्याचा मार्गच उरलेला नसतो. म्हणून तो कचरा, असा निष्कर्ष काढून त्याची जागा मोकळी केली जाते.

याचा एक प्रकार असा की, खूण झालेले कागद दुसऱ्या मोकळ्या मेजावर व्यवस्थित लावून ठेवावयाचे आणि पहिले मेज एकदम साफ करून टाकावयाचे. यात आवरणे झपाट्याने होते व मोकळी जागा सलग मिळते. परंतु त्यासाठी जास्तीची जागा हाताशी असावी लागते. आणखी एक पद्धत १९६० मध्येच जॉर्ज कॉलिन्स यांनी सुचवली. तीत प्रत्येक कागदावर त्याचे संदर्भ किती उरले, हा आकडा लिहून ठेवतात. आकडा शून्य झाला की कागद तत्क्षणी फेकला जातो. आयफोनवरील ॲप मुख्यत्वे याच तत्त्वावर चालतात. या पद्धतीत मोठी विश्रांती घ्यावी लागत नाही. परंतु प्रत्येक संदर्भ जोडताना व तोडताना आकडा बदलण्याचे किरकोळ काम सतत करावे लागते. सारांश, साफसफाई फुकट होत नाही. कोणत्या वेळी आणि कोणत्या रूपाने तिची किंमत द्यावयाची, एवढाच निवडीचा भाग असतो.

या किंमतीची तीन रूपे दिसून येतात. पहिले रूप म्हणजे विराम. साफसफाई चालू असताना कागद इकडचे तिकडे होऊ नयेत, म्हणून जुन्या पद्धतीत सारे कामकाज थांबवले जाई. मोबाईलचा पडदा साधारणतः सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे सोळा मिलिसेकंद मिळतात. साफसफाईचा विराम याहून लांबला की चित्र अडखळते आणि बोटाच्या स्पर्शाला उत्तर मिळेनासे होते.

दुसरे रूप म्हणजे हिशेबाचा सततचा बोजा. विराम कमी करण्यासाठी कामकाज चालू ठेवूनच साफसफाई करण्याच्या पद्धती शोधण्यात आल्या. कार्यालय उघडे ठेवून अभिलेखांची छाननी करावयाची तर प्रत्येक संचिका कोणी कोठे नेली, याची नोंद ठेवावी लागते. तशीच नोंद संगणकालाही ठेवावी लागते. तिच्यासाठी प्रोसेसरचा थोडा वेळ आणि बॅटरीची थोडी शक्ती खर्ची पडते. तिसरे रूप म्हणजे जास्तीची जागा. या तिसऱ्या रूपाकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि शहापूर-मुरबाडच्या अंगणवाड्यांच्या दृष्टीने नेमके तेच सर्वाधिक महत्त्वाचे आहे.

‘ड’ वर्गाचे कागद

त्याकडे वळण्यापूर्वी एका उपयुक्त सुधारणेचा उल्लेख करावयास हवा. आपल्या शासकीय कार्यालयांतील अभिलेखांचे वर्गीकरण वाचकांना परिचित असेल. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एका वर्षानंतर नष्ट करावयाचे, असा दंडक आहे. त्यामागील अनुभव असा की, बहुतेक कागदांचे आयुष्य अल्प असते आणि थोडेच कागद दीर्घकाळ लागतात. रोज साऱ्या अभिलेख कक्षाची झडती घेण्यापेक्षा नुकत्याच आलेल्या किरकोळ कागदांची छाननी वरचेवर करावी व जुन्यांना क्वचितच हात लावावा, हे शहाणपणाचे.

संगणकशास्त्रातही हेच आढळून आले. नव्याने तयार झालेल्या माहितीपैकी बरीचशी क्षणार्धात निरुपयोगी होते. हेन्री लिबरमन व कार्ल ह्युइट यांनी १९८३ मध्ये आणि डेव्हिड अंगर यांनी १९८४ मध्ये, माहितीच्या ‘पिढ्या’ पाडून तरुण पिढीची साफसफाई वारंवार करण्याच्या पद्धती मांडल्या. त्यामुळे एकेका विरामाचा काळ पुष्कळच घटला. अँड्रॉइड प्रणालीनेही टप्प्याटप्प्याने प्रगती केली. २०१४ मध्ये तिच्या पाचव्या आवृत्तीसोबत ‘आर्ट’ ही नवी अंतर्गत यंत्रणा आली. २०१७ मध्ये आठव्या आवृत्तीत कामकाज चालू ठेवून माहिती हलवणारी साफसफाई आली आणि २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीत तिला पिढ्यांच्या पद्धतीची जोड देण्यात आली. त्यामुळे जुन्या आवृत्तीचा मोबाईल आणि नव्या आवृत्तीचा मोबाईल यांत रॅम सारखी असली, तरी अनुभव निराळा येऊ शकतो.

मोकळ्या जागेचे गणित

आता मुख्य मुद्दा. समजा, एका मेजावर शंभर संचिका मावतात. त्यांपैकी पन्नास संचिका सतत लागणाऱ्या आहेत. उरलेल्या पन्नास जागा नव्या कागदांनी भरल्या की आवराआवर करावी लागते आणि त्या वेळी पन्नास चालू संचिका तपासाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक नव्या कागदामागे सरासरी एक जुनी संचिका तपासली गेली.

आता चालू संचिका ऐंशी झाल्या असे धरू. मोकळ्या जागा उरल्या वीस. दर वीस कागदांनंतर ऐंशी संचिका तपासावयाच्या; म्हणजे एका कागदामागे चार. चालू संचिका नव्वद झाल्या तर दर दहा कागदांनंतर नव्वद संचिका. म्हणजे एका कागदामागे नऊ. चालू संचिका पन्नासाच्या नव्वद झाल्या, म्हणजे त्या दुपटीनेही वाढल्या नाहीत. आवराआवरीचा बोजा मात्र नऊपट झाला. मेज काठोकाठ भरत आले की लिपिकाचा सारा दिवस आवरण्यातच जातो आणि लोकांचे काम तसेच राहते.

हे गणित केवळ कागदावरचे नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील मॅथ्यू हर्ट्‌झ आणि एमरी बर्जर यांनी २००५ मध्ये जावा भाषेतील आज्ञावलींवर मोजणी केली. प्रत्यक्ष लागणाऱ्या स्मृतीच्या पाचपट जागा दिली, तेव्हा स्वयंचलित पद्धतीचा वेग माणसाने काटेकोर हिशेब ठेवल्याइतकाच भरला. तिप्पट जागा दिली, तेव्हा ती सरासरी १७ टक्के मंद झाली. दुप्पट जागा दिली, तेव्हा सुमारे ७० टक्के मंद झाली. आणि प्रत्यक्ष स्मृती अपुरी पडून माहिती दुय्यम जागी हलवण्याची पाळी आली, तेव्हा वेग कित्येक पटींनी कोसळला. त्या प्रयोगानंतर पद्धती सुधारल्या आहेत व आजच्या मोबाईलवर हेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. परंतु निष्कर्षाची दिशा बदललेली नाही. स्वयंचलित स्मृति-व्यवस्थापन मोकळ्या जागेवर जगते. ती जागा काढून घेतली की ते काळ मागू लागते.

शहापूरच्या वाचकांना हे भातसा धरणावरून उमगण्यास हरकत नाही. श्रावणातल्या जोरदार सरीपूर्वी जलाशयात थोडी रिकामी जागा असेल तर पाणी शांतपणे सामावले जाते. जलाशय आधीच काठोकाठ असेल तर प्रत्येक सरीमागे दरवाजे उघडावे लागतात.

अंगणवाडीच्या मोबाईलमध्ये काय घडते?

हे सारे दोन जीबी रॅमच्या मोबाईलला लावून पाहू. या दोन जीबीपैकी बराच हिस्सा अँड्रॉइड प्रणाली स्वतःसाठी घेते. संदेशवहनाची व अन्य ॲप पाठीमागे चालूच असतात. शिवाय कोणत्याही एका ॲपने किती जागा वापरावी, यावर मोबाईलच्या क्षमतेनुसार मर्यादा घातलेली असते. अशा वेळी ॲपमधील लाभार्थींची यादी, आलेख आणि छायाचित्रे एकदम मेजावर आली की मोकळी जागा झपाट्याने आटते आणि साफसफाई पुनःपुन्हा सुरू होते.

एका छायाचित्राचेच उदाहरण घेऊ. बारा मेगापिक्सेलच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. साठ्यात ते आवळून ठेवले जात असल्याने तीन-चार एमबीत मावू शकते. पडद्यावर दाखवण्यासाठी मात्र ते उलगडावे लागते आणि प्रत्येक बिंदूस चार बाइट या हिशेबाने मेजावर त्याला सुमारे ४८ एमबी जागा लागते. तेच छायाचित्र लांबी-रुंदीत एक चतुर्थांश करून उघडले, तर ३ एमबी पुरतात. आज्ञावलीकाराच्या एका लहानशा निर्णयाने सोळापट फरक पडतो.

जागा अगदीच संपत आली की अँड्रॉइड आणखी एक उपाय योजते. पाठीमागची ॲप ती बंद करून टाकते. सेविका नोंद भरत असताना फोन येतो किंवा ती कॅमेरा उघडते. तेवढ्यात पोषणाचे ॲप पाठीमागे जाते व जागेअभावी बंद केले जाते. परत आल्यावर ते प्रथमपासून सुरू होते. अर्धवट भरलेली नोंद ॲपने मध्येच जतन करून ठेवली नसेल तर ती गेलेली असते. पाहणाऱ्यास वाटते, हिने काहीतरी चुकीचे दाबले असावे. वस्तुतः तिचे काहीच चुकलेले नसते. मेजावर जागा उरलेली नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक खोळंबा स्मृतीमुळेच होतो असे नाही. डोळखांब किंवा टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यांवर मोबाईलचे जाळे क्षीण असल्यास माहिती जाण्या-येण्यास विलंब होतो. दूरच्या सर्व्हरवर एकाच वेळी गर्दी झाली तरी विलंब होतो. ढोबळ खूण अशी की, पडद्यावर प्रतीक्षेचे चक्र फिरत राहते आणि मागे जाण्याची कळ काम करते, तेव्हा खोळंबा बहुधा जाळ्याचा असतो. पडदाच निश्चल होऊन स्पर्शाला दाद देत नाही किंवा ॲप आपोआप बंद होते, तेव्हा दोष मोबाईलच्या आत शोधावा. ही खूण पर्यवेक्षिकांनी तक्रार नोंदवताना लक्षात ठेवली, तरी तक्रार योग्य ठिकाणी जाण्यास मदत होईल.

उपाय कोणी करावयाचे?

प्रथम सेविकांच्या हाती असलेले उपाय पाहू. न लागणारी ॲप काढून टाकावीत. नोंदी भरण्याच्या वेळी चित्रफिती वा अन्य जड ॲप उघडू नयेत. दिवसाच्या कामापूर्वी मोबाईल एकदा बंद करून पुन्हा चालू करावा, म्हणजे मेज साफ होते. प्रत्येक बालकाची नोंद पूर्ण जतन झाल्यावरच फोन घ्यावा. साठाही अगदी काठोकाठ भरू देऊ नये. ‘मेमरी साफ करणारी’ म्हणून जी ॲप मिळतात त्यांच्या नादी लागू नये; ती स्वतःच जागा अडवतात आणि त्यांनी बंद केलेली ॲप पुन्हा उघडण्यात अधिक वेळ जातो.

परंतु हे उपाय मर्यादित आहेत. मोठा वाटा ॲप तयार करणाऱ्यांचा आहे. संपूर्ण यादी एकदम न मांडता दिसेल तेवढीच मांडावी. छायाचित्रे लागतील त्याच आकाराने उघडावीत. अर्धवट नोंद वरचेवर जतन करावी. आणि ज्या माहितीचे काम संपले तिचा संदर्भ सोडून द्यावा. कारण स्वयंचलित यंत्रणा कितीही कुशल असली, तरी ज्या कागदाचा संदर्भ आज्ञावलीने धरून ठेवला आहे, तो निरुपयोगी असूनही तिला फेकता येत नाही. साफसफाई यंत्राकडे सोपवली म्हणून काटकसरीची जबाबदारी संपत नाही.

तिसरा वाटा खरेदी व नियोजन करणाऱ्यांचा. गूगलने अँड्रॉइडची हलक्या मोबाईलसाठीची ‘गो’ आवृत्ती प्रथम एक जीबी व त्याहून कमी रॅमसाठी आणली होती. २०२२ मध्ये तिच्या तेराव्या आवृत्तीसाठी किमान मर्यादा दोन जीबी करण्यात आली. म्हणजे २०२१ मध्ये ज्या रॅमविषयी सेविकांनी तक्रार केली, ती दुसऱ्याच वर्षी सर्वात हलक्या आवृत्तीची किमान अट बनली. यावरून बोध घ्यावयाचा तो असा की, खरेदीच्या अटी ठरवताना आजच्या ॲपची गरज न पाहता मोबाईलच्या संपूर्ण वापरकाळातील गरज पाहावी आणि तिच्यावर भरपूर मोकळी जागा ठेवावी. नवे ॲप अथवा नवी पडताळणी लागू करण्यापूर्वी तिची चाचणी क्षेत्रात असलेल्या सर्वात जुन्या व सर्वात लहान रॅमच्या मोबाईलवर, सर्वाधिक लाभार्थी असलेल्या अंगणवाडीच्या माहितीसह, दिवसभराच्या कामाइतका वेळ घ्यावी. कार्यालयातील नव्या मोबाईलवर पाच मिनिटे चाललेले ॲप पाड्यावर दिवसभर चालेलच, याची खात्री देता येत नाही.

स्वयंचलित स्मृति-व्यवस्थापनाने सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित केले आणि ते तयार करणे सुकर केले, हे निर्विवाद आहे. ज्या प्रणालींवर आज शासनाच्या अनेक सेवा उभ्या आहेत, त्या हाती हिशेब ठेवून इतक्या लवकर निर्माण होणे कठीण होते. मात्र या सोयीची किंमत जागेच्या रूपाने द्यावी लागते. खरेदी करणाऱ्याने ती रॅमच्या रूपाने दिली नाही, तर ती किंमत पाड्यावरच्या सेविकेकडून वेळेच्या रूपाने वसूल होते. बालकाचे वजन करण्यास, मातेशी चार शब्द बोलण्यास, वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबाच्या घरी जाऊन येण्यास जो वेळ लागावयाचा, तोच वेळ निश्चल पडद्याकडे पाहण्यात जातो. म्हणून एखाद्या अंगणवाडीची नोंद मागे पडलेली दिसली, तर सेविकेकडे खुलासा मागण्यापूर्वी तिच्या हातातील मोबाईलची रॅम किती आहे, एवढे एकदा अवश्य पाहावे.